पांढऱ्याला पांढरंच

२० नोव्हेंबर २०१८

आज मादी आली. हैदराबादहून ट्रॅव्हल्सनं केजला आणि केजहून गावापर्यंत काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, माझ्या मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, "डब्यात काय हाय गं, मिठाई?" मी म्हटलं, "पाल." बाई पुढच्या फाट्यावर उतरली. ते काही तिचं गाव नव्हतं, हे मी पैजेवर सांगते.

घरी आईनं डब्यात डोकावलं आणि अशी किंचाळली की दादा गिरणीचा पट्टा थांबवून पळत आला. "लग्नाच्या वयाची पोरगी पाली पाळतीया! अंगावर पडली तर डोक्यावरून आंघोळ करावी लागती. पाणी कुठंय आंघोळीला?" पाण्यापुरतं आईचं बरोबर आहे. टँकर मनात येईल तेव्हा येतो.

पण ही भिंतीवरची पाल नाही. हिला बिबट्या पाल म्हणतात. शहरातली माणसं काचेच्या पेटीत हौसेनं ठेवतात. साधी असते ती पिवळी, काळ्या ठिपक्यांची. माझ्याकडची दोन्ही पांढरट आहेत, अंगावर काळ्याचा ठिपूस नाही. अशांनाच मागणी. नर मी दसऱ्याला पुण्याहून आणला. तो पुण्याचा पोरगा फोनवर सारखं सांगत होता, "ताई, ह्याचं घराणं लिहून ठेवा," आणि काहीतरी इंग्रजी नाव घेत होता. पालीचं घराणं लिहून काय करू? मला काय कुंडली जुळवायचीय?

घाबरली नाही ती एकटी वहिनी. डबा नाकाला लावून बघत बसली. तिला लांबचं दिसत नाही, दादासारखंच. म्हणाली, "ताई, हिचे डोळे गुलाबी हायेत. तुमच्या नराचे चांदीवानी हायेत." मी म्हटलं, असेल. पांढरं ते पांढरं.

दादा जन्मापासून भुरा आहे. कातडी, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. नाव उत्तरेश्वर, पण गाव 'भुऱ्या' म्हणतं. ऊन सोसत नाही म्हणून अण्णांनी, आमच्या वडिलांनी, जाण्याआधी त्याला पिठाची गिरणी घालून दिली. गिरणीत सगळेच पांढरे होतात, तिथं तो उठून दिसत नाही. वहिनी धर्मापुरीची, जानकी. तीही जन्माची भुरी, म्हणून तर सोयरीक झाली. दादाचे केस कापसासारखे आहेत आणि तिचे कडब्याच्या रंगाचे. सातवा महिना चालू आहे तिला.

२ डिसेंबर

आज महिला दूध संस्थेची बैठक झाली. बैठक कसली, रिकाम्या कॅनपुढं बसून उसासे टाकणं. मी तिथं फॅट तपासते. म्हणजे तपासत होते. आता चारा नाही, पाणी नाही, जनावरं बाजारात गेली. मशीनवर धूळ बसलीय.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "आपण पाली घालू." अध्यक्ष भिवराबाई म्हणाल्या, "पालं? कुठं टाकायची गं? छावणीवर का?" त्यांना तंबू वाटले! मी म्हटलं, "पालं नाही, पाली. चुकचुक करणाऱ्या." पुढचा अर्धा तास बायका नुसत्या हसत होत्या. सुंदरबाईंना ठसका लागला.

पण मी काय चुकीचं बोलले? ह्या जित्राबाला थेंबभर पाणी लागतं आणि कोंड्यातल्या अळ्या. दुष्काळात दुसरं काय जगतं? शेवटी भिवराबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आदी तुझ्या घरी पांडरी पिल्लं निगू दे शिवकन्ये. मंग संस्था बघंल." ठीक आहे. पांढरीच निघणार. मी बीएस्सी अंबाजोगाईहून केलंय, डोंगरावर शेळ्या राखत नाही.

१० जानेवारी २०१९

अंडी! दोन, मऊसर, चामड्यासारखी. थर्माकोलच्या डब्यात ओल्या भुश्शात ठेवली, वर बल्ब. लाइट गेली की गरम पाण्याची बाटली. आई उचलून उकिरड्यावर टाकेल म्हणून डबा पालींच्या पेटीत ठेवून तिला कुलूप लावलंय, किल्ली गळ्यात.

संध्याकाळी सगळ्यांना समजावून सांगितलं. ज्वारी आणि उडीद घेतले. "प्रत्येक जिवात रंगाचे दोन दाणे. एक आईकडून, एक बापाकडून. एक जरी उडीद असला तरी अंग काळं. दोन्ही ज्वारी असली तरच पांढरं. नर पांढरा म्हणजे दोन ज्वारी. मादी पांढरी म्हणजे दोन ज्वारी. मग पिल्लाला उडीद येणार कुठून?" आईलासुद्धा कळलं. मी बरी शिकवते.

वहिनीनं विचारलं, "आन् माणसाचं?"

"तेच."

"म्हंजी आमचं बाळ..."

"पांढरं. लिहून घे."

दादा उठून गिरणीत गेला. दळण काही नव्हतं, उगाच गेला. वहिनी डोळ्याला पदर लावून बसली. आपल्यासारखंच मूल होणार म्हटल्यावर रडायचं कशाला? नवव्या महिन्यात बायका रडतातच म्हणे.

आईनं मात्र लगेच जाड काळं कापड काढलं आणि बाळाला उन्हापासून झाकायला कुंची शिवायला घेतली. पांढऱ्या पोराला जपायची तिला सवय आहे. मग वहिनी थोडी हसली. म्हणाली, "मुलगा झाला तर मामंजींचं नाव ठेवा ताई. नाव ठेवायचा मान आत्याचाच." अण्णांचं नाव त्रिंबक. आई म्हणाली, "मंग मी पोराला हाक कशी मारू? मालकाचं नाव कधी तोंडातून काढलं न्हाई मी." खूप हसलो.

२४ जानेवारी

टँकर आला. बायकांची ही झुंबड. बिभीषण ड्रायव्हरनं वहिनीचा हंडा सगळ्यांच्या आधी भरला आणि म्हणाला, "भाभी, तुमी सावलीत जा, उन्हानं भाजताल." वहिनी काहीतरी बोलली, तो हसला, ती हसली. मागे उभ्या बायकांच्या कपाळाला आठ्या. मला तर मनातून बरंच वाटलं, आपला हंडा पहिला भरला.

वहिनीचं माहेर कोयता घेऊन सांगलीकडं ऊसतोडीला गेलंय, धर्मापुरीच्या घराला कुलूप. म्हणून पहिलं बाळंतपण इथंच करायचं.

९ फेब्रुवारी

काय लिहू?

केजच्या दवाखान्यात सकाळी वहिनी बाळंत झाली. मुलगा. नर्सनं फडक्यात आणून आईच्या हातात दिला. काळेभोर केस! सावळं अंग, काळ्या भुवया, डोळे उघडले तर काळे कुळकुळीत! आई नाचायचीच बाकी होती. "काजळ! निव्वळ काजळ हाय गं माझं!" दादानं त्याला अगदी नाकाशी धरून बघितलं. त्याच्या पांढऱ्या पापण्या ओल्या झाल्या.

आणि मी म्हणाले, "असं होऊच शकत नाही."

हळू म्हणाले होते. पण खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. दादानं बाळ खाली ठेवलं. वहिनीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी खोटं बोलले का? दोन ज्वारी, दोन ज्वारी. उडीद आला कुठून? माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. येताना जीपमध्ये मला सारखा तो हंडा दिसत होता.

१२ फेब्रुवारी

आईनं ज्वारीचा आणि उडदाचा डबा माझ्यापुढं आणून ठेवला. "परत दाखीव."

मी दाखवलं.

"ह्यात काय चूक न्हाई ना?"

"नाही. हे पुस्तकात आहे."

"मंग कावून असं झालं?"

मी बिभीषणचं नाव घेतलं. आईनं दाणे परत डब्यात भरले. मी काही आरोप केला नाही. हंड्याचं जे डोळ्यांनी बघितलं ते सांगितलं, बस. संस्थेत भिवराबाईंनी विचारलं तेव्हाही तेवढंच सांगितलं. बायकांनी मात्र ह्या वेळी ऐकून घेतलं. कुणी हसलं नाही.

१४ फेब्रुवारी

दादा गिरणीत झोपतो. आज पट्ट्याला तेल घालता घालता विचारलं, "शिवा, शंभरात एक तरी?"

मी म्हटलं, "शून्य, दादा."

त्यानं मान हलवली आणि तेल घालत राहिला. खोटी आशा लावून काय उपयोग? त्याच्यासाठी मला वाईट वाटतं. इतकं वाईट वाटतं की जेवण जात नाही. ह्या माणसाला जन्मभर पोरांनी दगड मारले आणि आता घरातूनच असं व्हावं!

टँकरवर आता दुसराच ड्रायव्हर येतो.

१८ फेब्रुवारी

वहिनीचे वडील रामकिसन आले. कुणी फोन केला कुणास ठाऊक. तोडीवरून तसेच आलेले, हाताला उसाच्या पाचटानं कापलेलं. आईनं बसा म्हटलं नाही. ते उभ्यानंच म्हणाले, "पोरीला घेऊन जातो. तितं पाचटाच्या कोपीत सावली कमी हाय, पण माणसं हायेत."

बारसं व्हायचंय अजून. मूल बिननावाचं चाललं.

दादा गिरणीतून बाहेर आला नाही. वहिनी उंबऱ्यावर थांबली, बाळाला त्या काळ्या कुंचीत घेऊन. मला म्हणाली, "शिवाताई, तुमी पेटीला कुलूप लावता. मला कुणी लावलं न्हवतं, म्हणून तुमाला लई सोपं गेलं."

काय बोलली, काय अर्थ? दिवसभर डोक्यात घोळतंय. मी तिचं काय वाकडं केलं? मादीनं आणखी दोन अंडी घातली.

८ मार्च

देवा. देवा.

सकाळी पेटी उघडली. पहिली दोन अंडी फुटली होती. दोन पिल्लं भुश्शात बसलेली. अंगावर पट्टे. काळे. डांबरासारखे काळे पट्टे.

पहिल्यांदा वाटलं कुणीतरी अंडी बदलली. पण किल्ली गळ्यातच आहे, आंघोळीलासुद्धा काढलेली नाही. बदलणार तरी कशानं, ह्या जातीचं तिसरं जनावर अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडं आहे? मग वाटलं, मादी आधीच भरलेली आली. हैदराबादला फोन केला. विकणारा म्हणाला, अंड्यातून निघाल्यापासून ती एकटीच वाढली, नर बघितलासुद्धा नाही.

मग पुण्याला केला. तो पोरगा हसायला लागला. "अहो ताई, तरी मी सांगत होतो घराणं लिहून ठेवा! तुमचा नर एका घराण्याचा पांढरा, मादी दुसऱ्या घराण्याची पांढरी. दोघांचा दोष वेगळ्या ठिकाणी आहे. सगळी पिल्लं काळ्या पट्ट्यांचीच येणार, वाढली की त्याचे ठिपके होतात."

मी म्हटलं, मला समजेल असं सांग. त्यानं सांगितलेलं मी माझ्या भाषेत लिहिते. रंग म्हणजे दही समजायचं. दह्याला दूध लागतं आणि विरजण लागतं. एका घरात विरजण आहे, दूध नाही. दुसऱ्या घरात दूध आहे, विरजण नाही. दोन्ही घरी दही नाही, दोन्ही घरं बाहेरून सारखीच. पण पोराला एका घरचं दूध मिळतं आणि दुसऱ्या घरचं विरजण. पोराच्या घरी दही लागतं.

मी विचारलं, "माणसातही?"

"माणसातही असतं ना. का हो?"

मी फोन ठेवला. गुलाबी डोळे, चांदीचे डोळे. कापसाचे केस, कडब्याचे केस. माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात आहे सगळं. वहिनीनं मला बोटानं दाखवलं होतं. मी म्हटलं होतं, असेल.

पेटीला परत कुलूप लावलं.

९ मार्च

आईला आणि दादाला सांगितलं. दूध-विरजणाचं सांगितलं, पेटी उघडून दाखवली. आईनं पिल्लांकडं बघितलंच नाही. माझ्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. मग स्वतःच्याही तोंडात मारून घेतलं आणि भिंतीला टेकून मोठ्यानं रडली. "माझा नातू, माझा नातू! नाचत व्हते मी, मला नाचू दिलं न्हाईस!"

दादा शांत होता. त्याचंच जास्त भ्या वाटलं. म्हणाला, "तू शून्य म्हणलीस आन् मी ऐकलं. तिला मी काय विचारलंबी न्हाई, शिवा. एक शब्द न्हाई विचारला." मग गॉगल आणि टोपी घेऊन दारात जाऊन उभा राहिला. भर दुपार होती. मी म्हटलं, संध्याकाळी निघू. तो हलला नाही.

११ मार्च

सांगलीकडच्या उसाच्या फडावर पोचलो. पाचटाच्या कोप्यांची रांग, वरून ऊन गाळून पडतंय. वहिनी ओळखू आली नाही. गालावर, हातावर फोड, ओठ फाटलेले. आईनं बाळासाठी शिवलेली काळी कुंची उसवून तिनं आपल्या तोंडाला बांधली होती. बाळाला गरजच नव्हती तिची. ते झोळीत उघड्या अंगानं टुकटुकीत पडलेलं, काळंसावळं, गुबगुबीत.

मी लहान डबा नेला होता, पिल्लं दाखवायला. वाटलं होतं, तिच्यासमोर उघडीन, सगळं समजावीन. उघडला. तिनं आत बघितलं नाही.

"पालीची पोरं काळी निघाली म्हणून आलात," ती म्हणाली. "पांडरी निगाली असती तर?"

मी डब्याचं झाकण लावलं. मी तिच्या पायाशी वाकले तर ती मागं सरकली.

दादा कोपीच्या बाहेर उन्हातच उभा होता, मान लाल झालेली. "जानके," एवढंच म्हणाला. तिनं त्याच्याकडं बघितलं. तिला तो धूसरच दिसत असणार. मग म्हणाली, "आत या. सोलून निगताल तितं. पोराला घ्या." रामकिसन काका बाहेर बसून कोयत्याला धार लावत होते, त्यांनी वर बघितलं नाही.

मला आत बोलावलं नाही. निघताना दारातून एवढंच म्हणाली, "जितं बोललात तितं बोला. संस्थेत, समद्या बायांम्होरं. आन् त्या टँकरवाल्याला बोलवा. मग बारसं करा. नाव तुमीच ठेवायचं, आत्या हाव तुमी."

मराठीत एक अनुस्वार काय करतो बघा. नाव ठेवायचा मान होता माझा. मी नावं ठेवली.

७ एप्रिल

तोडणी संपली, वहिनी चार दिवसांपूर्वी घरी आली. दादाच गेला आणायला. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाण्याचा अख्खा हंडा तिच्या पायावर ओतला. ह्या दुष्काळात. माझ्याशी वहिनी बोलते, मीठ दे, दार लाव, एवढं. ताई म्हणत नाही.

आज संस्थेत बारसं केलं. पाळणा फॅटच्या मशीनवरच्या हुकाला टांगला. सगळ्या बायका आल्या. बिभीषण दारात उभा होता, आत यायला तयार नव्हता.

मी उभी राहिले. दूध आणि विरजण सांगितलं. मग म्हटलं, "माझं शास्त्र अर्धं होतं आणि तोंड पूर्ण होतं. वहिनीवर मी जे बोलले ते खोटं. हे मूल दादाचं आहे. बिभीषणभाऊंनी ऊन न सोसणाऱ्या बाईचा हंडा आधी भरला, त्याला मी पाप म्हटलं." भिवराबाई म्हणाल्या, "म्हंजी तुझं दूधच नासलं व्हतं म्हण की." कुणी हसलं नाही. त्यांनी पदर डोळ्याला लावला, कारण त्या दिवशी माना त्यांनीही हलवल्या होत्या.

मी बिभीषणसमोर हात जोडले. तो खाली बघत म्हणाला, "ताई, हेच जरा माज्या घरी येऊन सांगा. बायकू माहेरी जाऊन बसलीया." मला हे ठाऊकच नव्हतं! मी त्या माणसाचा एकदाही विचार केला नव्हता. उद्या सकाळी पहिल्या जीपनं जाते.

मग पाळण्याशी वाकले. बाळानं माझं बोट धरलं, त्याला काय माहीत. त्याच्या कानात कुर्रर्र केलं आणि मोठ्यांदा, दारापलीकडच्या बाप्यांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, "त्रिंबक! त्रिंबक उत्तरेश्वर!"

आईनं पदर तोंडावर घेतला. दादा खिडकीतून बघत होता.

रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे पडायला लागले. हलके नव्हते. सुंदरबाईंचा तर असा बसला की डोळ्यांपुढं तारे चमकले. भिवराबाईंचा, आईचा. खूप बरं वाटत होतं. मी मोजत नव्हते, एका हाताची वाट बघत होते. म्हटलं, तिचा बसू दे, कितीही जोरात बसू दे, म्हणजे झालं.

धपाटे थांबले. मी वाकलेलीच राहिले.

"ऊठ की गं, झालं," भिवराबाई म्हणाल्या.

मी मान वर केली. वहिनी पाळण्याच्या पलीकडं होती, माझ्या हाताच्या अंतरावर. सोललेल्या बोटांत पाळण्याची दोरी धरून ती त्रिंबकला झोका देत होती. तिनं दोरी सोडली नाही.